मूल मानसोपचार वॉर्डात दाखल असताना घरच्यांना काय, कधी आणि किती सांगावं?

कावेरी_समाजसेवा
बाल-किशोर मानसोपचार वॉर्डात कुटुंबांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. दाखल करताना पालकांना माहितीपत्रक देतो. नियम, भेटीच्या वेळा, हक्क, सगळं त्यात असतं. तरी तिसऱ्या दिवशी तेच प्रश्न येतात, आणि घरी सोडताना तर वाटतं यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मुलं साधारण 12 ते 17 वयाची. बहुतेक आत्महत्येचा धोका किंवा तीव्र नैराश्य म्हणून आलेली, काही खाण्याच्या आजाराची. तुमच्याकडे हे कसं करता? भावंडांबद्दलही लिहा, ती हमखास राहून जातात.

रात्रपाळी
पत्रकात खोट नाही, वेळ चुकते. दाखल करायच्या दिवशी आईवडील मान डोलावतात, पण डोक्यात काही शिरत नाही. आदल्या रात्रीची झोपच झालेली नसते. त्या दिवशी चारच ओळी मोठ्या अक्षरात लिहून द्या: कुणाशी बोलायचं (एकाच व्यक्तीचं नाव), फोन कोणत्या वेळेत करायचा, डॉक्टर कधी भेटणार, उद्या काय आणायचं. बाकीचं तिसऱ्या दिवशी बसून सांगा.

सामानाचं मात्र तेव्हाच समजावून सांगा. हुडीची आणि पायजम्याची नाडी, बुटांच्या लेस, पट्टा, चार्जरची वायर, तारेच्या स्पायरलची वही, काचेची बाटली, सेंट हे आत येत नाही. कारण न सांगता टेबलावर बॅग उपडी केली की आईला आपल्यावरच संशय घेतल्यासारखं वाटतं. "वस्तू तुमच्या मुलाकडून दुसऱ्या मुलाच्या हातात जाऊ शकते, म्हणून सगळ्यांचीच बॅग बघतो" एवढं म्हटलं की बहुतेकांचा राग ओसरतो. नाडी काढलेले कपडे घरूनच आणायला सांगा, म्हणजे मुलासमोर कात्री चालवावी लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी मूल फोनवर रडणार: "मला घेऊन जा, इथे रात्रभर टॉर्च मारतात." पालकांना हे आधीच माहीत हवं. दर 15 मिनिटांनी कुणीतरी डोकावतं, रात्री श्वास चालू आहे ना तेही बघतं. उत्तर दोन वाक्यांचं ठेवायला सांगा: "तुला तिथे नकोसं झालंय हे कळतंय. उद्या पाच वाजता मी येतोय." "बघू, डॉक्टरांना विचारतो" म्हटलं की फोन अर्धा तास चालतो आणि मूल रात्रभर त्याच आशेवर राहतं. वेळ दिली असेल तर ती पाळायचीच. भेट 20 मिनिटांची असली तरी चालते, चुकलेली भेट फार लागते.

तिसरी_गोळी
घरच्यांकडून माहिती घेणं तितकंच महत्त्वाचं, आणि ते घाईत उरकलं जातं. औषधं तोंडी विचारू नका, पाकिटं आणायला सांगा: आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, झोपेची, सगळी. चुकलेले डोसही विचारा. कागदावर "रोज एक" असतं आणि पाकिटात निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक निघतात. मग औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढून डोस वाढतो.

मूल म्हणालं "आईबाबांना काही सांगू नका", तर वॉर्डमधले लोक पालकांचंही ऐकून घेणं बंद करतात. हे चूक आहे. सांगण्यावर मर्यादा येते, ऐकण्यावर नाही. आणि जिवाला धोका असेल तेव्हा गुप्ततेची मर्यादा कुठे संपते, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं.

नैराश्यावरच्या औषधांबद्दल तारखांसकट बोला. पूर्ण परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणजे बऱ्याचदा मूल घरी गेल्यावर. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर अस्वस्थता, चिडचिड, झोप उडणं, आत्महत्येचे विचार वाढणं दिसू शकतं; अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 पासून त्याचा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात सक्तीचा केला आहे. पालकांना हे सांगितलं तर औषध बंद करतील, अशी भीती असते. पण न सांगता त्यांना ते दिसलं, तर ते डॉक्टरांना न विचारता बंद करतील, आणि एकदम बंद केल्याचे त्रास वेगळेच.

खाण्याच्या आजारात घरून चोरून आणलेला डबा हा खरा धोका आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. "परवानगी नाही" म्हटलं की आजी पदराआड आणते. हृदयाचं कारण सांगितलं की सहसा थांबते.

घरवापसी
माझा मुद्दा एकच. सगळी ताकद दाखल करताना खर्च होते आणि सगळ्यात जोखमीचा काळ वॉर्डातून सुटी झाल्यावरचा असतो: पहिला आठवडा, मग पुढचे तीन महिने. सुटीची तयारी दाखल झाल्याच्याच आठवड्यात सुरू करा.

मूल घरी यायच्या आधी घर आवरायचं, आल्यावर त्याच्यासमोर नाही. घरातल्या सगळ्यांची औषधं कुलपात, आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्याही, आणि किल्ली मोठ्यांच्या अंगावर. घरात साठा एका आठवड्याचाच. कीटकनाशक, ब्लेड बाहेर. "कपाटात वर ठेवलंय" हे उत्तर मान्य करू नका.

मग एक रात्र घरी पाठवून बघा. परत आल्यावर पालकांना "कसं गेलं?" विचारू नका, "छान" एवढंच उत्तर येतं. जेवण किती झालं, किती वाजता झोप लागली, भांडण कशावरून झालं, मूल एकटं किती वेळ होतं, हे विचारा. भांडण झालं असेल तर बरंच. वॉर्डमध्ये असतानाच त्यावर काम करता येतं.

सुरक्षा आराखडा मुलाच्याच शब्दांत, एका पानावर: धोक्याच्या खुणा, स्वतः काय करायचं, मन दुसरीकडे वळवायला कुणाकडे जायचं, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टरांचा आणि तातडीचा नंबर, घर सुरक्षित कसं ठेवायचं. पालकांकडे त्याची प्रत हवी. "निराश वाटलं तर" ही खूण कुणालाच ओळखता येत नाही. "दार लावून घेते आणि मेसेजला उत्तर देत नाही" ही ओळखता येते. आणि पुढच्या भेटीची तारीख 7 दिवसांच्या आतली, वेळेसकट, सुटीच्या कागदावर लिहिलेली. "नंतर फोन करा" म्हणजे भेट होत नाही.

कावेरी_समाजसेवा
मनापासून आभार. किल्लीचा मुद्दा आमच्या यादीत नव्हताच. भावंडं आणि शाळेबद्दल कुणी सांगेल का?

रात्रपाळी
भावंडांना खोटं सांगू नये. "ताई गावाला गेलीय" हे चार दिवस टिकतं. लहानाला पुरेसं: "ताईच्या मनाला आजार झालाय, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो सर्दीसारखा लागत नाही." बाहेर कुणी विचारलं तर काय म्हणायचं तेही शिकवा, नाहीतर सगळा भार त्याच्यावर येतो. राखण करायचं काम भावंडाला देऊ नका, कितीही समजूतदार असलं तरी. त्याचा क्लास, खेळ, झोप चालू ठेवायला एक नातेवाईक नेमून टाका.

घरवापसी
शाळेत एकाच शिक्षकाला सांगा, आणि काय सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. पहिला आठवडा अर्धा दिवस, राहिलेल्या परीक्षा पुढे ढकललेल्या, वर्गातून उठून जायला न विचारता चालेल अशी एक जागा ठरलेली. सोमवारी सुरू करू नका. बुधवारी केलं तर दोन-तीन दिवसांतच सुटी येते.