मदत हवी आहे : पावसाआधी जीपची कच्ची वाट कशी सावरावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंड-ठाण्याकडचे नऊ-दहा जण. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे ऐरोली पुलापाशी जमतो आणि कर्जतच्या पलीकडे एका जुन्या बैलगाडीच्या वाटेने पठारावर जातो. दोन थार, एक जिमनी, एक जुनी जिप्सी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मागे कुणीतरी व्हिडिओत दिलं आणि पुढच्याच रविवारी तिथे गाड्यांची रांग लागली.

जुलै 2024मध्ये आम्ही पायीच वर गेलो होतो. चढावर दोन्ही चाकोऱ्यांचे गुडघाभर खोल ओघळ झालेले, त्यातून तांबडं पाणी धो धो खाली येत होतं. वाट संपते तिथे एका आजींचं भाताचं खाचर आहे. चार दिवसांपूर्वी लावणी झालेली, आणि वरच्या कोपऱ्यातलं रोप मुरमाखाली गेलेलं. आजी रागावल्या नाहीत. "तुमच्या गाड्या यायच्या आधी पाणी त्या आंब्याकडनं जायचं," एवढंच म्हणाल्या. ते वाक्य आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यातून गेलेलं नाही.

मग जानेवारी 2025मध्ये वर्गणी काढून तीन ट्रॉल्या मुरूम आणला, ओघळ भरले, गाड्या फिरवून दाबले. वाट छान दिसत होती. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोहोचला आणि आम्ही टाकलेला सगळा मुरूम पुन्हा त्याच खाचरात जाऊन बसला. म्हणजे भरपाई करायला गेलो आणि नुकसान दुप्पट केलं. आता कळतंय की पाण्याला बाजूला काढून न देता खड्डा भरणं चूकच होतं.

गाडी चालवताना जमेल तेवढं सांभाळतो. चाकांची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवतो, फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात संथ गिअरमध्ये) सावकाश चढतो, चाक जागच्या जागी फिरू देत नाही. चिखल आला की बाजूच्या गवतातून वळसा घालायचा नाही हा नियम केलाय, कारण एका वाटेच्या तीन वाटा अशाच होतात. पण हे सगळं पुरेसं नाही, हे दिसतंय.

खराब भाग साधारण दीडशे पावलांचा आहे. मनुष्यबळ आहे, पहार-कुदळ-फावडी-घमेली आहेत, जेसीबी आणायचा नाही. पाणी वाटेवरून आडवं काढायला नेमकं काय करायचं? लाकडी ओंडके आडवे पुरले तर टिकतील का? आणि मुळात त्या जागेला हात लावायची परवानगी कुणाकडे मागायची? वरच्या अंगाला वनखात्याचा खांब दिसतो. गावातल्या एकाने "करा बिनधास्त" म्हटलंय, पण तेवढ्यावर खोदायला मन धजत नाही. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं. यंदाही पाऊस लवकर आला तर हाताशी फार दिवस नाहीत.

– रानचाकोरी

प्रतिसाद : बांधबंदिस्ती

मृद्संधारणाच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. ओंडके नकोत. पायवाटेवर ते चालतात. गाडीचं चाक त्यांना दोन फेऱ्यांत उखडतं आणि मग त्याच खाचेतून पाणी घुसतं. गाडीवाटेला बशीसारखा पसरट खळगा हवा आणि त्याच्या उताराच्या बाजूला रुंद, बसका उंचवटा. गाडी त्यावरून सहज जावी इतका लांब. खळग्याचा तळ दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही, गाळही कमी धरतो. चढ दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर 25-30 मीटरवर एक, खडा असेल तर आणखी जवळ. फार खड्या टप्प्यावर खळगा टिकत नाही, तिथे दगड उभे ठोकून पिचिंगच करावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पाणी बाहेर पडतं तिथे दगड पसरा आणि ते गवतात विखरू द्या. एका शेतातलं काढून दुसऱ्याच्या शेतात सोडू नका. आजी आंब्याकडे बोट दाखवतात ना? तिथूनच आखणी सुरू करा. तोंडाशी वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. मुरूम सर्वांत शेवटी, ओलसर करून, पातळ थरांनी धुम्मसाने ठोकून.

प्रतिसाद : खालचीवाडी

मी त्याच पट्ट्यातला. आधी सातबारा आणि गावनकाशा काढा. नकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी असेल तर ती पायवाट, तिथे गाडी नेण्याचा प्रश्नच येत नाही. तलाठ्याकडे विचारा आणि ग्रामपंचायतीचं लेखी पत्र घ्या. खांबाच्या पलीकडे मात्र पंचायतीचं पत्र चालणार नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, दगड काढणं हा 1927च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, होकार नाही आला तर खांबापाशी गाड्या थांबवा आणि पुढे जायचं की नाही तेही त्यांनाच विचारा.

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जून ते ऑक्टोबर गाड्या आणूच नका. तुम्ही चांगले असाल, पण तुमच्या चाकाच्या खुणा बघून दहाजण मागून येतात. कामाला वाडीतली माणसं घ्या, रोजची मजुरी द्या. आजींचं जे गेलं त्याचं काय केलंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

रानचाकोरी :

दोघांचेही मनापासून आभार. खालचीवाडी, राग अजिबात नाही. गेल्या वर्षी आम्ही भरपाईचे पैसे घेऊन गेलो तेव्हा आजींनी घेतले नाहीत आणि आम्हीही ते तिथेच सोडून दिलं, हे चुकलं. खाचरातला मुरूम उपसून द्यायला हवा होता, तो अजून तिथेच आहे. लावणीच्या आत ते काम आधी करतो, वाट नंतर.

या शनिवारी गाड्या फाट्यावर ठेवून चालत जातोय, दोरी आणि चुना घेऊन. आजींना हाताला धरून वर न्यायचं आणि पाणी पूर्वी कुठे वळायचं ते दाखवायला सांगायचं. सोमवारी तलाठी कार्यालय.

एक शंका उरते. पावसाळ्यात वाटेला साखळी लावायची म्हटलं तर वाडीतल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर अडतील. किल्ली कुणाकडे ठेवता तुम्ही लोक?