जुनी ईव्ही: शोरूमला एक्स्चेंज की थेट गिऱ्हाईक?

रंकाळाकाठ
कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: "जुनी ईव्ही विकत बसू नका. बॅटरी तपासता येत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही. शोरूम देईल तो भाव घ्या आणि मोकळे व्हा." खाली सगळ्यांचे अंगठे. बॅटरी तपासता येत नाही हे साफ चूक आहे, आणि याच भीतीवर गाडीचा भाव पाडून मागतात.

हिशोब बघा. शोरूमनं गाडी 7 लाखांना घेतली, 8.5 लाखांना विकली. मधल्या दीड लाखावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 27 हजार. जानेवारी 2025 पासून हा दर 12 वरून 18 झाला. त्यात डेंटिंग-पेंटिंग आणि गाडी पडून राहिली तर व्याज. हे सगळं तुमच्याच भावातून वजा होतं. घरगुती मालकानं थेट गिऱ्हाइकाला विकली तर हा जीएसटी लागत नाही. एक्स्चेंज बोनसला भुलण्याआधी नव्या गाडीची दोन कोटेशनं लेखी मागा, एक जुनी गाडी देऊन आणि एक न देता. बोनसमधला निम्मा पैसा कॅश डिस्काउंटमधून वळवलेला असेल तर तिथंच दिसतो.

बॅटरीचं म्हणाल तर 30.2 युनिटची पहिली नेक्सॉन ईव्ही घ्या. 15 अँपिअरच्या सॉकेटला सब-मीटर लावून 20 वरून 100 टक्के चार्ज करा. बॅटरी पॅकमध्ये 24 युनिट जायला पाहिजेत, चार्जरमधली घट धरून मीटरवर 27 च्या आसपास. 23 लाच चार्जिंग संपलं तर क्षमता घटलीय. आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगचे फोटो जाहिरातीत टाका, गिऱ्हाईक येतं.

मिलिव्होल्ट
सब-मीटरची पद्धत अर्धवट सांगितलीय, आणि अर्धवट आकड्यानं दोघांपैकी एकजण फसणार. या नेक्सॉनचे सेल एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत. त्यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळं बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेला, नेमके किती टक्के उरलेत ते कळत नाही. रोज 40 ते 80 मध्ये वापरलेल्या गाडीचा 20 चा आकडा खरा 20 असेलच असं नाही. आधी गाडी 10 टक्क्यांपर्यंत उतरवा, स्लो चार्जरवर 100 करा, 100 झाल्यावरही प्लग काढू नका, सेल बॅलन्स, म्हणजे सगळे सारखे भरलेले, होऊ द्या. मग पुढच्या चार्जिंगला मोजा.

आणि नुसती क्षमता बघून भागत नाही. गाडीच्या ओबीडी पोर्टला लावायच्या स्कॅनरवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक बघा, तोही पॅक 15-20 टक्क्यांवर असताना. एखादा सेल तिथंच आधी कोसळतो आणि गाडी टर्टल मोडला जाते, म्हणजे ताकद कमी करून रांगते. करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना दगा देणारी गाडी तीच. चार्ज भरपूर असताना ती ठणठणीत दिसते.

कागदपत्रंआधी
बॅटरीवर निबंध झाले, आरसीवर एक ओळ नाही! थेट विक्रीत लोक काय करतात? नाव बदलण्याच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या, टोकन घेतलं, चावी दिली. गाडी निपाणीला गेली आणि आरसीवर नाव तुमचंच. उद्या अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरसीवरचा मालकच जबाबदार, हे सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर 28 नंबरची एनओसी लागते. कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. हे सगळं नोकरदार माणसानं कधी करायचं? लाखभर कमी मिळाले तरी शोरूम परवडतं.

रंकाळाकाठ
शोरूमला दिली म्हणजे नाव उतरलं, हे कुणी सांगितलं? एक्स्चेंजमध्ये गेलेल्या कितीतरी गाड्या पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत जुन्या मालकाच्याच नावावर फिरतात. नियम मात्र आहे. एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरला गाडी सोपवताना तसं कळवणारा 29-सी फॉर्म ऑनलाइन भरला की तेव्हापासून जबाबदारी त्याची. एक्स्चेंज करणाऱ्यांनी डिलिव्हरी नोटवर समाधान मानू नका. 29-सी ची पावती हातात आल्याशिवाय चावी सोडू नका. डीलरकडं तसं अधिकारपत्रच नसेल तर तुमचा मुद्दा तिथंच संपतो.

कागदपत्रंआधी
29-सी चं मान्य. बाकीचं नाही.

दसराचौक
सगळे मूळ प्रश्न सोडून बोलताय. कोल्हापुरातली गाडी म्हटलं की पहिला प्रश्न पुराचा. पंचगंगेनं 2019 ला आणि 2021 ला राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट ओलांडले, इशारा पातळी 39 आणि धोका पातळी 43. एमएच-09 ची जुनी ईव्ही थेट मालकाकडून घेऊच नये. माझं स्पष्ट मत.

बावडेकर
हे मत नाही, बदनामी आहे. 2019 च्या पुरात कुठली नेक्सॉन ईव्ही बुडाली? ती बाजारात आली जानेवारी 2020 ला! आणि 2021 ला काय सगळं शहर पाण्यात होतं? राजारामपुरीत, कळंब्यात पुराचं पाणी आलं नाही. असल्या बोलण्यामुळं पुण्याचं गिऱ्हाईक एमएच-09 बघूनच भाव पाडतंय. एक गल्ली बुडाली म्हणून अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या बाद करायच्या?

दसराचौक
गल्ली कुठली हे विकणारा सांगतो का? "टायरपर्यंतच पाणी होतं" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. पॅक आयपी67, म्हणजे पाणीरोधक, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, इथं पाणी दिवसेंदिवस हटत नाही. आणि पॅक वाचला तरी कनेक्टर, वायरिंग, ऑनबोर्ड चार्जर यांचं काय?

मिलिव्होल्ट
भांडण्यापेक्षा तपासा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्टीवर मातीची रेघ दिसते. पट्टा बदललेला असेल तर त्यावरची तारीख गाडीच्या सालाशी जुळवा. कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. नारंगी केबलच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर आहे का ते सर्व्हिस सेंटरकडून बघून घ्या, स्वतः हात घालू नका, शेकडो व्होल्टचं काम आहे. वीज कुठं गळत नाही ना हे सांगणारा इन्सुलेशन रेझिस्टन्सचा आकडा त्यांच्याकडूनच लेखी घ्या. घरी चार्जिंगला लावल्यावर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल आणि सॉकेट-अर्थिंग ठीक असेल, तर गाडीत गळती धरूनच चाला.

कागदपत्रंआधी
त्याहून सोपं, पॉलिसी मागा. पाच वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर कशाचा क्लेम झाला ते विमा कंपनीच्या कागदावर दाखवायला सांगा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, आणि तसल्या गाड्या लिलावातून दुरुस्त होऊन परत बाजारात येतात. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. विकताना त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं.

बावडेकर
मग हे तपासून बोला की! तपासलेली एमएच-09 आणि न तपासलेली एमएच-12, यात कुठली घ्याल? आणि शोरूमवाला तरी पुराचं विचारतो का? तो बाहेरून बघतो, किलोमीटर बघतो, भाव फोडतो. कोरड्या गल्लीतल्या गाडीला बुडालेल्या गाडीचाच भाव मिळतो. म्हणूनच थेट विका.

दसराचौक
इन्सुलेशनचा लेखी आकडा आणि क्लेमचा कागद असेल तर घेईन. तोंडी शब्दावर नाही, गाव कुठलंही असो.

कागदपत्रंआधी
वॉरंटी मात्र कुणी काढली नाही. नेक्सॉनची मूळ बॅटरी वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर. महिंद्राच्या बीई 6 ला लाइफटाइम म्हणतात ती पहिल्या मालकापुरती, नाव बदललं की 10 वर्षं किंवा 2 लाख किलोमीटर. जाहिरातीत "लाइफटाइम" लिहून विकलं तर गिऱ्हाईक तुमच्या दारात येणार. आणि एमजीची बॅटरी भाडेकराराची असेल तर गाडी तुमची, बॅटरीचा करार वेगळा. तो फेडल्याशिवाय किंवा नव्या मालकाच्या नावावर केल्याशिवाय विकू नका. असल्या गाडीला शोरूमच बरं.

रंकाळाकाठ
भाडेकराराच्या गाडीला शोरूम, एवढं मान्य. कर्ज फिटलेली, कोरडी, रिपोर्ट असलेली गाडी मात्र थेटच विका. पैसे आरटीजीएसनं घ्या, नाव बदलण्याचा अर्ज आधार ओटीपीनं दोघांनी समोरासमोर बसून भरा. फास्टॅग बंद करा, कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाका, नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठं उभी आहे ते तुमच्या मोबाइलवर दिसत राहील. आणि 15 अँपिअरची चार्जिंग केबल गाडीबरोबर द्या, भाव ठरवतानाच ती धरलेली असते.