कॅज्युअल्टीतून घरी सोडताना ‘समजलं ना?’ एवढं विचारणं पुरेसं आहे का? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ
मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून जत, आटपाडी, पार अथणीपर्यंतची माणसं पेशंट घेऊन इकडंच धावतात. उपचार मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री दोनला घरी सोडलेला माणूस लांबच्या गावी जातो आणि पुढं त्याला सांभाळायचं कसं, हे घरच्यांपर्यंत पोचतच नाही.

आमच्या भावकीतले एक काका गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला. ‘नजर ठेवा’ म्हणून सोडलं. कार्डावर एकच ओळ, तीही इंग्रजीत: हेड इंज्युरी ॲडव्हाइस गिव्हन. डॉक्टरांचं ऐकलं पुतण्यानं, आणि तो काकांना घरी पोचवून सकाळच्या एसटीनं पुण्याला कामावर गेला. काकूंना वाटलं, मार लागलाय, झोपू दे. उलट्या झाल्या तेव्हा त्यांनी पित्ताची गोळी दिली. दुपारी हाका मारूनही डोळे उघडेनात, मग परत मिरज. मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन. वाचले. सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, नीट जाग न येणं, फिट, हातापायातली ताकद जाणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच निघायचं, एवढं काकूंना माहीत असतं तर सकाळीच निघाले असते.

म्हणून माझं मत: ‘समजलं ना?’ असं विचारून थांबू नये. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘घरी गेल्यावर काय काय बघणार, सांगा बरं’ असं विचारावं. चुकलं तर पुन्हा सांगावं. आणि हे घरी सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं, समोर नसेल तर फोन लावून.

रात्रपाळी
मी कॅज्युअल्टीत काम करतो. काकांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा उपाय आमच्या कामात बसत नाही. गाळप हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात येतो, त्याच वेळी विषारी औषध प्यायलेला एक, साप चावलेला एक. ड्यूटीवर एक डॉक्टर आणि इंटर्न. अशा वेळी पाय मुरगळलेल्याकडून धडा म्हणून घ्यायचा का? सक्ती केलीत तर कार्डावर एक चौकोन वाढेल, त्यात टिक मारून सगळे मोकळे होतील. त्यापेक्षा मराठीत छापलेला कागद हातात द्या. तो घरी जातो, पुन्हा वाचता येतो.

जतपूर्व
आमच्याकडं पूर्व भागात घरात कन्नड बोलतात. आजीला मराठी समजतं, वाचता येत नाही. तुमचा मराठी कागद तिच्यासाठी इंग्रजीच्या कागदाइतकाच मुका. सिस्टर जे सांगतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या की. घरी सगळी बसून ऐकतील.

रात्रपाळी
रेकॉर्डिंगला माझा ठाम विरोध. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून महाराष्ट्रात कायदा आहे, तरी मारहाण थांबलेली नाही. उद्या पेशंटचं बरंवाईट झालं तर तीच क्लिप अर्धी कापून गावभर फिरेल.

मेडिकलवाली ताई
कागद की तोंडी यावर वाद चाललाय, पण माणसं खरे प्रश्न विचारतात आमच्या काउंटरवर. बाळाच्या तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२५, नाहीतर २५०. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर १२५ च्या सिरपचे ६ मिली होतात आणि ड्रॉप्सचे फक्त दीड. कॅज्युअल्टीत ‘६ मिली’ ऐकून आलेली आई घरातल्या ड्रॉप्सच्या बाटलीतून ६ मिली देऊन बसली तर चौपट डोस गेला. हे छापील कागदावरून कळत नाही. मी तिच्यासमोर ड्रॉपरवर पेननं खूण करते आणि तिलाच भरून दाखवायला लावते. तेव्हा कृष्णाकाठ यांचं बरोबर आहे, फक्त जागा दवाखाना नव्हे, मेडिकल.

स्पष्टच बोलतो
सगळं डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांवर कशाला ढकलता? पेशंटची काही जबाबदारी आहे की नाही? शेतावरच्या मोटारीचं सगळं नीट विचारून घेतात, स्वतःच्या औषधाचं विचारत नाहीत.

सिस्टर, आष्टा
दादा, रात्रभर घाबरलेल्या माणसाला काय विचारायचं तेच सुचत नाही. मी रोज बघते. कुत्रं चावलेल्याला कार्डावर ०, ३, ७, २८ एवढंच लिहून देतात. त्या शून्याचा अर्थ कितीजणांना लागतो? पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस शून्य. लोक मोजायला चुकतात, आणि शेवटचं इंजेक्शन तर जखम भरली म्हणून सोडूनच देतात. रेबीजला नंतर औषध नाही. मी कॅलेंडर बघून चारही तारखा वारासकट लिहिते आणि ‘आता पुढचं कधी?’ असं त्यांच्याकडूनच म्हणवून घेते. याला फार वेळ लागत नाही, डॉक्टर. रात्रपाळीतही जमतं.

कृष्णाकाठ
रात्रपाळी, तुमची अडचण मान्य. मुरगळलेल्या पायाला कागद पुरे. पण निवडक पेशंटना तरी विचाराच. डोक्याला मार लागलेला. नवं प्लास्टर घातलेला, कारण बोटं निळी पडली, बधिर झाली, दुखणं सोसेनासं झालं तर तासही थांबून चालत नाही. तान्हं बाळ. आणि साखर उतरून बेशुद्ध आलेला: ग्लुकोज चढल्यावर तो उठून बोलायला लागतो, घरच्यांना वाटतं झालं बरं, पण ग्लिमेपिराईडसारख्या मधुमेहाच्या गोळीचा असर दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. ताई, काउंटरवर तुम्ही करता ते लाखमोलाचं आहे, पण ज्याला औषधच नाही, नुसती नजर ठेवायची आहे, तो तुमच्याकडं येतच नाही.

रात्रपाळी
डोक्याचा मार आणि प्लास्टर, एवढ्यांपुरतं मी मान्य करतो, पण विचारायचं काम डिस्चार्ज देणाऱ्या सिस्टरकडं असावं आणि त्यासाठी रात्री एक सिस्टर जादा हवी. ती न देता नियम काढलात तर मी विरोधच करणार. साखरेच्या गोळीवाल्याला मी घरी सोडतच नाही, रात्रभर ठेवून घेतो. घरी फोन लावायचं मात्र पटलं. नंबर केसपेपरवर असतोच.

जतपूर्व
फोन लावाल तेव्हा कन्नड येणारं कुणी ड्यूटीवर असलं तर त्यांनाच बोलू द्या. मिरजेत असे बरेच सापडतील.