विषय: शनिवारचा सिनेमा (आणि एक झाकण)

प्रेषक: सचिव
रविवार, सकाळी ९.४०

मेरीलँडची मंडळी, नमस्कार.

काल आपल्या मंडळात 'अ नाइट्स टेल' हा इंग्रजी सिनेमा बघायला अपेक्षेपेक्षा बरीच गर्दी झाली, साबुदाणे वडे मध्यंतरातच संपले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांची क्षमा मागते. माझ्या मोठ्या स्टीलच्या डब्याचं झाकण कुणाच्या पिशवीतून गेलं असेल तर कृपया कळवा, आतून कुंकवाने 'स' लिहिलेलं आहे, धुतलं नसेल तर दिसेल.

सिनेमा युवा गटाने निवडला होता. आवडला, नावडला, जे काय असेल ते इथेच लिहा. मला फोन करू नका, आज भांडी आहेत.

---

प्रेषक: रॉकव्हिल, काका
रविवार, सकाळी ११.१५

सचिवबाई,

वडे मिळाले, उत्तम होते. सिनेमाबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

चौदावं शतक. मैदान, घोडे, चिलखतं, मधे भाल्याची झुंज. आणि भोवतीचे प्रेक्षक पाय आपटत क्वीन या रॉक बँडचं 'वुई विल रॉक यू' म्हणतायत! गाणं १९७७ सालचं. मला वाटलं पोरांनी चुकून दुसराच आवाज लावला. मी प्रोजेक्टरपाशी जायला उठलोसुद्धा, सौभाग्यवतींनी सदऱ्याला धरून खाली बसवलं. पुढे दरबारात नाच सुरू होतो, तो बरा चाललाय म्हणेपर्यंत त्याचं डेव्हिड बोवीचं रॉक गाणं होतं. लोहारीण चिलखत घडवते आणि त्यावर ठोकते ती खूण थेट बुटांच्या कंपनीची. लंडन दिसतं तेव्हा नदीकाठी गरगरणारा पाळणा!

हे झालं मुद्दाम केलेलं. पण ज्या चुका कुणाच्या लक्षातही आल्या नसतील त्या सांगतो. दोन घोडेस्वारांच्या मधे जो लांबलचक कठडा आहे तो चौदाव्या शतकात नव्हता, पंधराव्यात आला. त्याआधी घोडे समोरासमोर आदळायचे. चिलखतंही बरीचशी नंतरच्या घडणीची. आणि नायक, म्हणजे लंडनच्या चीपसाइडमधल्या छप्पर शाकारणाऱ्याचा पोरगा, सरदार म्हणून मिरवताना जे नाव लावतो, उलरिख फॉन लिख्टेनस्टाइन, तो खरा माणूस होता. पण १२७५ सालीच वारलेला. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव लावून हा फिरतोय आणि एकाही पंचाला शंका नाही.

इतिहासाची ही थट्टा आपल्या मुलांना दाखवून आपण काय साधलं?

---

प्रेषक: जर्मनटाऊन
रविवार, दुपारी १२.०२

मी हा २००१ साली थिएटरात पाहिलाय, मे महिन्यात, साडेसहा की सात डॉलर देऊन. तेव्हा जाहिरातीत एका समीक्षकाची स्तुती छापलेली असायची, नायक झालेला हीथ लेजर यंदाचा नवा तारा वगैरे. त्या समीक्षकाचं नाव डेव्हिड मॅनिंग. पुढे जूनमध्ये 'न्यूजवीक'ने बाहेर काढलं की असा माणूसच अस्तित्वात नाही, सोनीच्या जाहिरात खात्याने तो घरीच तयार केला होता! प्रेक्षक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करून तिकिटामागे पाच डॉलर परत द्यावे लागले.

खोटी कागदपत्रं करून सरदार झालेल्या पोराचा सिनेमा, आणि त्याची शिफारस करणारा समीक्षकही बनावट. यापेक्षा इमानदार जाहिरात मी पाहिली नाही. मी पाच डॉलर मागितले नाहीत. सिनेमा आवडला होता.

झाकण माझ्याकडे नाही.

---

प्रेषक: एलिकट सिटी
रविवार, दुपारी ३.३०

काका, नमस्कार. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे सिनेमातल्या चॉसरची, म्हणजे चौदाव्या शतकातल्या त्या इंग्रज कवीची, बाजू घेणं माझं कामच आहे.

तो रस्त्यावरून नागडा चालत येतो तेव्हा तुम्ही मान फिरवलीत, मी बघितलं. सिनेमात तो जुगारात अंगावरचे कपडे घालवून बसलाय. खऱ्या चॉसरला १३९० साली काही दिवसांत एकापेक्षा जास्त वेळा वाटमाऱ्यांनी लुबाडलं होतं. तेव्हा तो राजाच्या बांधकामांचा कारकून होता. आणि त्याच वर्षी त्याच्या गळ्यात पडलेलं एक काम ऐका: लंडनच्या स्मिथफिल्डला भाल्याच्या झुंजी होत्या, तिथे प्रेक्षकांसाठी लाकडी मचाणं उभारून घेणं. म्हणजे झुंजीच्या मैदानावर उन्हातान्हात फिरणारा, सुतारांशी हुज्जत घालणारा चॉसर ही काही दिग्दर्शकाने मारलेली थाप नाही. ब्रायन हेल्गेलँडने त्याला मचाणावरून उतरवून मैदानात आणलं, एवढंच.

सिनेमात ज्या दोघांचे पैसे त्याने बुडवलेत, ते धर्मकोर्टाचं समन्स बजावणारा आणि पापमुक्तीची पत्रं विकणारा, त्यांना तो बजावतो की तुम्हाला कथेत घालून सोलून काढीन. त्याच्या 'कँटरबरी टेल्स' वाचलेल्या माणसाला इथे हसू फुटतं, कारण त्याने खरंच सोललंय दोघांना.

आता ज्या प्रसंगाला आपल्या मागच्या रांगेने 'हे काय हल्लीचं फॅड' म्हटलं, त्याबद्दल. नायिका म्हणते, माझ्यावर प्रेम असेल तर जिंकू नकोस, हरून दाखव. तो बिचारा तडाखे खात बसतो. मग ती निरोप धाडते, आता जिंक. काका, अख्ख्या सिनेमात सगळ्यात जुनं काही असेल तर हेच आहे. बाराव्या शतकात क्रेतियँ द त्रुआ या फ्रेंच कवीने लान्सलॉट या सरदाराची कथा लिहिली, तिच्यात राणी गिनेव्हिअर त्याला भर झुंजीत अगदी हेच करायला लावते.

आणि तो १२७५ साली वारलेला उलरिख! १२२७ साली तो व्हीनस देवीचा वेष करून, म्हणजे बायकी पोशाखात, केसांच्या वेण्या सोडून, व्हेनिसहून उत्तरेला झुंजी खेळत निघाला. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्याने त्या फेरीत ३०७ भाले मोडले. हे सिनेमात दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हे मात्र फारच झालं.

---

प्रेषक: रॉकव्हिल, काका
रविवार, संध्याकाळी ५.५०

मचाणांचं मला ठाऊक नव्हतं. मान्य.

पण गाण्याचं काय? त्या काळी बासरी होती, ढोल होते, तंतुवाद्यं होती. ती का नाही वाजवली?

---

प्रेषक: एलिकट सिटी
रविवार, संध्याकाळी ६.२०

दिग्दर्शकाचं म्हणणं असं की ऐतिहासिक सिनेमाला शंभर व्हायोलिनांचा वाद्यवृंद लावतात तोही चौदाव्या शतकात नव्हताच. त्याची आपल्याला सवय झाली म्हणून तो खुपत नाही.

आणि आपलं बघा. १८८० साली किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं, त्यात कण्वाच्या आश्रमात साक्या-दिंड्या. गंधर्व कंपनीत द्रौपदीच्या मागे ऑर्गन. विलायती पेटी! रविवर्म्याच्या चित्रांत पुराणातल्या बायका नऊवारी नेसलेल्या. गणपतीच्या कार्यक्रमात तुम्ही स्वतः 'कृष्णाची गवळण' बसवलीत, तिच्यात पेंद्या मथुरेच्या वाटेवर टोल नाक्याची पावती मागत होता. हशा सगळ्यात मोठा त्यालाच होता.

---

प्रेषक: रॉकव्हिल, काका
रविवार, रात्री ९.०५

गवळणीत कुणी इतिहास शोधायला येत नाही.

(पावतीची कल्पना माझी नव्हती, मोने... असो, ज्यांची होती ते वाचतायत.)

---

प्रेषक: एलिकट सिटी
रविवार, रात्री ९.२०

तेच म्हणतेय ना काका मी! हा सिनेमा गवळण आहे, बखर नाही. पहिल्याच मिनिटाला पाय आपटून सांगतोय.

आणि चॉसर नायकाची ओळख करून देतो ते आठवा, आवाज चढवत, बिरुदावर बिरुद लावत, लोकांच्या अंगावर काटा आणत. आपल्याकडे गारद देतात ती वेगळी काय असते? फरक इतकाच की चॉसर स्वतः हसतोय.

---

प्रेषक: जर्मनटाऊन
रविवार, रात्री ९.४१

२०१५ साली याच लिस्टवर 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'वर काकांची चार मेलं आली होती. जपून ठेवलीत. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचूच शकत नाहीत म्हणून. आणि 'वाट लावली'वर एक पाचवं.

एवढंच आठवलं म्हणून लिहिलं.

---

प्रेषक: रॉकव्हिल, काका
सोमवार, सकाळी ६.१०

झोप लागली नाही म्हणून लिहितो.

चार नव्हे, तीन मेलं होती. आणि आजही मागे घेणार नाही. पण रात्री विचार केला की मग परवाच्या सिनेमावर मी त्याच जोराने का तुटून पडलो, आणि तरी शेवटी खुर्चीच्या कडेवर येऊन का बसलो होतो. सौ. म्हणाली, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला आठवत नाही.

मला असं वाटतं. इंग्रजांच्या इतिहासावर शेकडो सिनेमे झाले. एकात चॉसर नागडा फिरला तर उरलेल्या शंभरांत कुणीतरी त्याला कपडे घालेल. आपल्या बाजीरावावर एवढा पैसा लावून सिनेमा किती वेळा निघतो? पंजाबातल्या, तमिळनाडूतल्या माणसाच्या डोक्यात पेशवाई म्हणजे जन्मभर तोच झूमरांचा शनिवारवाडा राहणार. ज्याच्याकडे एकच फोटो आहे त्याने त्या फोटोत वेडावून दाखवू नये. शिवाय तो सिनेमा एकदाही डोळा मिचकावत नाही, गंभीर चेहरा करून नाचतो. परवाचा निदान मिचकावतो.

आणखी एक. झुंजीत हरणाऱ्याने घोडा गमवायचा, हे पाहताना मला आपले बारगीर आणि शिलेदार आठवले. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. त्यामुळे मानही वेगळा, पगारही वेगळा. त्या छप्परवाल्याच्या पोराचं सगळं दुखणं तेच होतं, दुसऱ्याच्या घोड्यावर बसून शिलेदार म्हणवून घ्यायचं. बाप आंधळा झालेला, मुलगा परत येतो आणि छपराचं निमित्त काढून बोलतो, तिथे कुठलंही गाणं नव्हतं. तिथे मी चष्मा पुसला. एसीमुळे.

---

प्रेषक: युवा गट
सोमवार, दुपारी १२.४५

काका, सिनेमा मी सुचवला होता. थँक यू, पूर्ण बघितल्याबद्दल! आम्हाला वाटलं तुम्ही इंटरव्हलला जाल.

माझी एक तक्रार आहे, कुणीच लिहिली नाही म्हणून. लोहारीण केट विधवा आहे, धंदा नवऱ्याकडून शिकलेली, सगळ्यात हुशार तीच. हलकं चिलखत तीच बनवते. आणि गोष्टीत तिला काहीच मिळत नाही. दुसरी, म्हणजे नायिका, मात्र रोज नवीन हॅट घालते.

---

प्रेषक: फ्रेडरिक (पाहुणा)
सोमवार, रात्री ८.१५

नमस्कार. मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे, त्याच्या मेलवरून लिहीत आहे. फौजेतून निवृत्त. खडकवासल्याला एनडीएत असताना घोड्यावर बसायला शिकलो आणि नंतर बरीच वर्षं नेजाबाजी केली, म्हणजे भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली खुंटी भाल्याने उचलायची.

इतिहासाचं मला फार कळत नाही. पण हाताचं सांगतो. भाला हाताने मारत नाहीत. हात फक्त टोक दाखवतो, मारतो तो घोडा. म्हणून नवशिका पहिल्यांदा टोक लवकर खाली आणतो, त्याला वाटतं आता पोचलो, आणि टोक मातीत जातं. त्याचा भाला राहतो जमिनीत, तो जातो पुढे, किंवा उलट. सिनेमात हा पोरगा सुरुवातीला लाकडी सांगाड्यावर सराव करतो, तिथे त्याचं टोक हलताना दाखवलंय. हसू आलं, कारण माझंही असंच हलायचं.

भाले फुटताना जो भुसा उडतो त्याबद्दल नातवाने माहिती काढली. टोकं बाल्साच्या हलक्या लाकडाची, आतून पोकळ, आणि त्यात बाल्साचे तुकडे आणि कच्च्या शेवया भरलेल्या. इटालियन, चपट्या. म्हणून इतकं छान उडतं. खरा भाला फुटला तर ढलपी लांब निघते. १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच झुंजीत, शिरस्त्राणाच्या फटीतून ढलपी डोळ्यात जाऊन दहा दिवसांनी मेला. शेवया बऱ्या.

मुलगा म्हणतो, तुमच्या या मेरीलँडचा अधिकृत राज्यखेळच भाल्याचा आहे, १९६२ पासून. मला थट्टा वाटली. पण खरं आहे. इथे माणसाला मारत नाहीत, कमानींना टांगलेल्या कड्यांतून भाला काढतात, आणि कडं प्रत्येक फेरीला लहान होत जातं, शेवटी पाव इंचाचं. हे आमच्या खुंटीचंच चुलत भावंड आहे. मंडळाने एकदा सर्वांना बघायला न्यावं. एखादा शांत घोडा मिळाला तर मी बसून दाखवीन. वय ७१, पण गुडघे ठीक आहेत.

---

प्रेषक: रॉकव्हिल, काका
सोमवार, रात्री ८.३२

माझं नाव लिहा. दोन माणसं. डबा आम्ही आणू.

(झाकण आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर सापडलं. 'स' सौ.च्या मते आमचाच होता.)

---

प्रेषक: सचिव
सोमवार, रात्री ९.१०

सहलीची कल्पना छान आहे. वसंतात स्पर्धा कुठे असतात ते बघून तारीख कळवते. केटबद्दल मी सहमत.

फक्त एक, घोड्यावर कुणीही बसणार नाही. मंडळाच्या विम्यात सभासदांसाठी घोडा येत नाही, मी आत्ताच कागद काढून वाचला.

---

प्रेषक: फ्रेडरिक (पाहुणा)
सोमवार, रात्री ९.१४

मी सभासद नाही.