इफेससचं ग्रंथालय: उभं केलं ते बरं, की पडलेलंच बरं होतं?

खडूचा_डबा:
तुर्कस्तान सहलीचे फोटो कुणीही टाकले की त्यात दोन मजली खांबांची एक देखणी दर्शनी भिंत असतेच. इफेसस या प्राचीन शहरातलं सेल्सस ग्रंथालय. दुसऱ्या शतकात आक्विला नावाच्या रोमन अधिकाऱ्याने वडिलांच्या, म्हणजे सेल्ससच्या, स्मरणार्थ ते बांधलं. वडिलांची दगडी शवपेटी आजही खाली तळघरात आहे. पण ही भिंत भूकंपात कोसळून कित्येक शतकं नुसता ढिगारा होती. १९७० ते १९७८ मध्ये ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी ती पुन्हा रचली. कोनाड्यांतल्या चारही स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नात. मग लोक तिथे जाऊन नेमकं काय बघतात? माझ्या मते पडलेलं पडलेलंच ठेवावं. जपावं, पण सजवू नये.

ओळंबा:
साफ असहमत. त्या भिंतीतली खरी गंमत उभ्या अवस्थेतच कळते. मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा मोठे आहेत आणि चौथरा मध्यभागी किंचित फुगवलेला आहे. दोन्ही बाजूंना इमारती, जागा चिंचोळी. म्हणून भिंत आहे त्याहून रुंद भासावी अशी ही युक्ती. ढिगाऱ्यात ती कुणाला दिसली असती? आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत मूळ तुकडे जागच्या जागी बसवायला मुभा आहे, फक्त नवी भर ओळखू यायला हवी. मनाने नवं बांधलेलं नाही हो ते.

खडूचा_डबा:
मुभा आहे म्हणून करायलाच हवं असं थोडंच आहे? आतलं दालन जळाल्यावर पुढच्या काळातल्या लोकांनी त्याच भिंतीसमोर पाण्याचं कुंड केलं होतं. पार्थियन स्मारक नावाच्या जुन्या रोमन स्मारकाचे कोरीव शिलापट्ट त्या कुंडाला लावले होते. शिलापट्ट व्हिएन्नाला गेले, आज समोर कुंडही दिसत नाही. त्या लोकांनी आपल्या गावाची पाण्याची सोय केली, तोही इतिहासच ना? दुसरं शतक तेवढं खरं आणि पुढचं सगळं अडगळ, हे कुणी ठरवलं?

बोरूबहाद्दर:
ज्यांना पडलेलंच आवडतं त्यांनी जवळच्या आर्टेमिसच्या देवळात जावं. रोमन लेखक प्लिनीने तिथे १२७ खांब सांगितलेत, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज तिथे सापडलेले तुकडे एकावर एक ठेवून केलेला एक खांब, त्यावर करकोच्याचं घरटं आणि भोवती पाणथळ जमीन. बसमधली माणसं खाली उतरायलाही नाखूश असतात. घ्या तुमचं अस्सल!

खाडीकाठ:
तुम्ही सगळे खांबांवर भांडताय, बंदराचं कुणीच बोलत नाही. इफेसस जगलं ते बंदरावर. नाट्यगृहापासून बंदरापर्यंत खांबांचा सरळ रस्ता आहे, रात्री दिवे लागायचे असा शिलालेख सांगतो. आज त्याच्या टोकाशी समुद्र नाही, झुडपं आहेत. किनारा काही किलोमीटर लांब गेलाय. नदीचा गाळ! प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की पर्गामॉनच्या अटलस राजाने बंदराचं तोंड अरुंद करवलं, वाटलं पाणी खोल राहील. झालं उलटं, गाळ आतच अडकला. कोकणात खाड्या बुजताना पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ग्रंथालयासमोर जी गर्दी होते तिच्यातले चार जण त्या झुडपांपर्यंत गेले तरी पुष्कळ.

ओळंबा:
हे मान्य. पण ते चार जण मुळात इफेससला येतात ते भिंत बघायलाच. खडू यांच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या जुन्या दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर फुटला. पुढे त्या काढून टायटॅनियम घालावं लागलं. म्हणजे उभं करणाऱ्याने देखभालीची जबाबदारी कायमची अंगावर घ्यायची. तेवढी तयारी नसेल तर दगडाला हात लावू नये.

बोरूबहाद्दर:
आणि मूर्तींचं काय? चोरून नेल्या म्हणायची सोय नाही. तुर्की (ओटोमन) सुलतान अब्दुल हमीदने ऑस्ट्रियाच्या सम्राटाला भेट दिलेला माल तो.

खडूचा_डबा:
देणाऱ्याचं साम्राज्य गेलं, घेणाऱ्याचंही गेलं. भेट मात्र अजून चालू! माझं म्हणणं, परत मागाव्यात. पण आल्या तर त्या पुन्हा कोनाड्यात ऊन-पावसात नकोत, इफेससशेजारच्या सेल्चुक गावच्या संग्रहालयात ठेवा. ओळंबा, तुम्ही कोनाड्यातच बसवाल ना?

ओळंबा:
नाही. तिथे प्रतिकृतीच राहू द्या, फक्त खाली ठळक अक्षरांत तसं लिहा.