भूगोल, बारावी : इंदिरा गांधी कालव्यावरचा ‘उपाय सुचवा’ प्रश्न – मदत हवी आहे

नमस्कार. मुलगी बारावीला आहे, सीबीएसई. व्याख्या, आकडे तिचे पाठ आहेत. शाश्वत विकासाची व्याख्या देणारा ब्रुंटलँड आयोग, १९८७ वगैरे झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण ‘या लाभक्षेत्रात (म्हणजे कालव्याचं पाणी मिळणाऱ्या भागात) शाश्वत विकासासाठी उपाय सुचवा’ असा ५ गुणांचा प्रश्न आला की अडते. सराव परीक्षेत तिने लिहिलं : झाडे लावावीत, ठिबक वापरावे, जनजागृती करावी. २ गुण मिळाले आणि शेरा, ‘मोघम’.

मग मीच तो धडा वाचायला घेतला. पंजाबातल्या हरिके धरणापासून निघणारा कालवा, १९५८ साली सुरू झालेलं काम, आणि साठच्या दशकात राजस्थानातल्या गंगानगर, हनुमानगडकडच्या वाळवंटात पोहोचलेलं पाणी. हरभरा, बाजरी, ज्वारी मागे पडली. गहू, कापूस, भुईमूग, भात आला. पुढे जमिनी पाणथळ झाल्या, मीठ फुटलं. वाचताना माझं माहेर डोळ्यासमोर आलं. शिरोळ तालुक्यात आमच्या उसाच्या रानात हेच झालं. नदीचं पाणी हाताशी, मोटर बंद करायचं कुणाच्या मनात यायचं नाही. काळ्याभोर रानावर पांढरा थर आला आणि ऊस उगवेना. भावाने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा केला, तेव्हा कुठे रान पुन्हा हाताला लागतंय.

धड्यात सात उपाय आहेत. ५ गुणांत सातही लिहायचे का? आणि शिरोळचं उदाहरण दिलेलं चालेल का? बोर्डाला तीन आठवडे राहिलेत, पोर रोज रडते आहे.

प्रतिसाद :
ताई, तिला आधी ‘का बिघडलं’ ते एका ओळीत लिहायला सांगा. पाणी जास्त, पीक पाणीखाऊ, पाटातून वाळूत झिरपा. त्यामुळे भूजल वर आलं आणि बाष्पीभवनाने क्षार पृष्ठावर उरले. आता प्रत्येक उपाय यातल्या एकेका कारणाला बांधायचा. पाटांना अस्तर, कारण झिरपा कमी होतो. वाराबंदी, म्हणजे ठरलेल्या पाळीने पाणी, कारण पाण्याची समान वाटणी होते. नाहीतर वरच्या अंगाचे शेतकरी जास्त उपसतात आणि पाटाच्या शेपटाकडे पाणी पोहोचत नाही. भाताऐवजी कमी पाण्याची पिकं. ‘ठिबक वापरावे’ चूक नाही, पण कशासाठी ते लिहिलं नाही म्हणून मोघम.

सातपैकी पाच उपाय पर्यावरणाचा तोल सावरणारे आहेत. मुलं तेवढेच लिहितात आणि उरलेले दोन सोडतात : गरीब जमीनधारकांना आर्थिक आधार, आणि शेतीबरोबर इतर व्यवसायांची वाढ. शाश्वत म्हणजे फक्त पर्यावरण नव्हे, म्हणून हे दोन हवेतच. मी तीन पर्यावरणाचे आणि हे दोन, असे पाच लिहायला सांगतो.

शिरोळचं उदाहरण निचऱ्याच्या मुद्द्यापाशी एका वाक्यात जरूर द्यावं. फक्त तिकडची काळी भारी जमीन आणि थर वाळवंटाची वाळू यांतला फरक तिला माहीत असू द्या. तिने नव्याने लिहिलेलं उत्तर इथे टाका, मी तपासून देतो.