मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीवर केस झाली, तर छोट्याच्या पदरात काय पडतं?

कोल्हापूरकर_बिलिंग:
मंडळी, कोल्हापूर, सांगली, निपाणी भागातल्या पॅथॉलॉजी लॅबना मी बिलिंग आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर देतो. दोन पोरं हाताखाली आहेत. दिवाळीपासून एका बड्या कंपनीने (नाव घेत नाही) तेच काम आपल्या पॅकेजमध्ये फुकट घातलंय. एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) मागायला गेलो की डॉक्टर विचारतात, "ते फुकट देतायत, तुम्हाला कसले पैसे?" एक मित्र म्हणतो स्पर्धा आयोगाकडे (मोठ्या कंपन्यांच्या गैरवापराच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) जा. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर एवढ्या केसेस झाल्या, त्यातून छोट्या लोकांना खरंच काही मिळालं का? कुणी जवळून पाहिलंय?

सॅन_होजेचा_इचलकरंजीकर:
दादा, मी पाहिलंय. नव्वदच्या दशकात सॅन होजेत कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या एका छोट्या दुकानात होतो. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्यासारखंच प्रकरण स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं. हार्ड डिस्कवर दुप्पट माल मावेल असं 'स्टॅकर' ते विकायचे. 1993 मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस 6 मध्ये 'डबलस्पेस' आयतंच दिलं. मग स्टॅकर विकत कोण घेणार? पण स्टॅककडे पेटंट होतं. ते कोर्टात गेले आणि फेब्रुवारी 1994 मध्ये ज्यूरीने त्यांना 120 दशलक्ष डॉलर मंजूर केले. उलट दाव्यात मायक्रोसॉफ्टलाही 13.6 दशलक्ष मिळाले, हेही सांगायला हवं. पुढे तडजोड झाली, पण वर्षभरात निकाल लागला आणि तोवर कंपनी उभी होती.

आता बी इन्कॉर्पोरेटेडचं बघा. बीओएस ही त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम मी स्वतः वापरली होती, फार सुरेख होती. मशीन सुरू होताना विंडोजशिवाय दुसरी निवड ग्राहकाला दिसू नये अशा अटी मायक्रोसॉफ्टने कॉम्प्युटर उत्पादकांवर घातल्या होत्या, हा त्यांचा आरोप. 2001 मध्ये त्यांनी आपली तंत्रज्ञानाची मालमत्ता पाम नावाच्या कंपनीला विकली, 2002 मध्ये दावा लावला आणि 2003 मध्ये 23.25 दशलक्षांवर मिटवलं. पैसे आले तेव्हा धंदाच शिल्लक नव्हता. नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीच्या प्रकरणात मायक्रोसॉफ्टने दिलेले 750 दशलक्षसुद्धा 2003 मध्ये आले, तेही एओएल टाइम वॉर्नरकडे, कारण नेटस्केप आधीच एओएलने घेतलं होतं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकन सरकारची मायक्रोसॉफ्टवरची मोठी केस 18 मे 1998 ला लागली. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी 2000 मध्ये कंपनीचे दोन तुकडे करा म्हटलं, 2001 मध्ये अपील कोर्टाने ते रद्द केलं. मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली हा ठपका मात्र कायम राहिला. पुढच्या तडजोडीत सगळ्यांना सारख्या अटींवर लायसन्स द्यायचं ठरलं. पण 'सगळे' म्हणजे सर्वांत मोठे 20 उत्पादक. आमच्यासारखी दुकानं त्या कलमात नव्हतीच.

छोट्या व्यावसायिकाच्या हातात प्रत्यक्ष पैसे आलेले मी पाहिले ते कॅलिफोर्नियाच्या सामूहिक दाव्यात. तिथे 2003 मध्ये 1.1 अब्ज डॉलरची तडजोड झाली. विंडोजच्या एका प्रतीमागे 16 डॉलर, ऑफिसमागे 29, आणि तेही व्हाउचर. नवा प्रिंटर किंवा सॉफ्टवेअर घ्या, पावती जोडा, मग चेक. आमच्या गिऱ्हाइकांत एक दाताची डॉक्टर होती. तिचे फॉर्म मी भरून दिले. जुनी बिलं पुठ्ठ्याच्या खोक्यात, निम्म्यांची शाई उडालेली. तिला पैसे मिळाले, पण आम्ही विकायला घेतलेल्या प्रतींवर दुकानाला काहीच नाही, कारण हक्क वापरणाऱ्याचा, विकणाऱ्याचा नव्हे. न मागितलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सरकारी शाळांना गेले, ते मला योग्य वाटतं.

पुणे_वकील:
वरचं सगळं पटलं. आपल्याकडचं सांगतो. स्पर्धा कायद्याच्या कलम 4 खाली आधी 'संबंधित बाजारपेठ' ठरते, मग त्या बाजारात समोरची कंपनी वर्चस्वात आहे हे दाखवावं लागतं. नुसती मोठी असून भागत नाही आणि फुकट देणं हाही आपोआप गुन्हा नाही. 2023 च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून 3 वर्षांत आयोगाकडे 'माहिती' (म्हणजे तक्रार) दाखल करायची.

दंडाचं म्हणाल तर तो भारताच्या संचित निधीत जातो, तुमच्या खात्यात नाही. गूगलला प्ले स्टोअर प्रकरणात ऑक्टोबर 2022 मध्ये 936.44 कोटींचा दंड झाला, एनसीएलएटीने (आयोगाच्या निर्णयांवर अपील ऐकणारं न्यायाधिकरण) मार्च 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आणला. दोन्ही आकड्यांतला एक रुपयाही ॲप बनवणाऱ्याला थेट मिळत नाही. भरपाई हवी तर कलम 53एन खाली एनसीएलएटीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. अनेकांनी मिळूनही करता येतो.

नाशिक_डेव्हलपर:
म्हणजे केस करूच नये का? मोठ्यांना रान मोकळं सोडायचं?

सॅन_होजेचा_इचलकरंजीकर:
अजिबात नाही! 1994 मध्ये अमेरिकन सरकारशी मायक्रोसॉफ्टची तडजोड झाली, त्याआधी अनेक उत्पादकांशी असे करार होते की मशीनमध्ये दुसऱ्याची सिस्टिम भरली तरी मायक्रोसॉफ्टला प्रत्येक मशीनमागे पैसे द्यायचे. ती अट गेली ती केसमुळेच. मागून आलेल्यांना त्याचा फायदा झाला, आणि त्यासाठी कुणीतरी तक्रार करायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच की त्या भरवशावर पोरांचे पगार ठेवू नका.

कोल्हापूरकर, एक विचारतो. त्यांच्या पॅकेजमधून लॅबला आपला जुना डेटा बाहेर काढता येतो का? नसेल तर ते लेखी मागा आणि नकार जपून ठेवा.

कोल्हापूरकर_बिलिंग:
काका, नाही येत. दोन लॅबनी परत यायचं म्हटलं तर रिपोर्ट पीडीएफमध्येच मिळाले, एक्सेलमध्ये नाहीत. त्यांच्याकडून ईमेल मागवून घेतो. सांगलीत असंच सॉफ्टवेअर देणारे आणखी दोघे ओळखीचे आहेत, त्यांनाही विचारतो. वकीलसाहेब, तिघांनी मिळून माहिती दाखल केली तर चालेल का? तुम्हाला मेसेज करतो.